ॲक्सल वाकला म्हणजे नेमकं काय वाकलं?

पत्र

ताई, नमस्कार.

मोहाडीहून (ता. दिंडोरी) लिहितोय. घरचा टोमॅटो आणि शेजारच्या चार-पाच जणांचा माल मी माझ्या पिकअपमधून पिंपळगावला नेतो, भाव बरा असला तर वाशीला. गाडी सहा वर्षांची, पासिंग (म्हणजे माल भरायची कागदोपत्री मर्यादा) १,७०० किलोचं. दीड महिन्यापूर्वी वाशीला जाताना गोंदे फाट्याच्या अलीकडे पावसात मागचं डावं चाक खड्ड्यात जोरात आदळलं. गाडीत ११० क्रेट होते. त्या वेळी काही जाणवलं नाही. नंतर डाव्या टायरची आतली कड झिजायला लागली. त्या बाजूचं ऑइल सील तीनदा बदललं, बेअरिंग एकदा. तरी ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये येतंच, आणि गाडी ५० च्या पुढे गेली की घूं-घूं आवाज.

नाशिकच्या द्वारकेचा मिस्त्री म्हणतो, हाउसिंग वाकलंय, गॅसने तापवून सरळ करतो, ७,००० द्या. आडगाव नाक्यावरचा म्हणतो, एका अपघाती गाडीचा अख्खा ॲक्सल आलाय, २४,००० मध्ये बसवून देतो. सर्व्हिस सेंटरने ५२,००० चं अंदाजपत्रक दिलं (सोबत जोडलंय, गाडीचे फोटोही आहेत). गाडीत काका निम्मे भागीदार आहेत. ते म्हणतात, तापवून घे, दोन सीझन ओढू आणि विकून टाकू. मागच्या वर्षी पाठीमागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून घेतले होते, तरी असं कसं झालं? काय करू?

– एक वाचक, मोहाडी

उत्तर

दादा, तिघांनी तीन आकडे सांगितले, पण मोजमाप एकानेही केलेलं दिसत नाही. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर तर ‘ॲक्सल बेंड’ एवढंच लिहिलंय. ॲक्सल ही काही एक वस्तू नाही. बाहेरचं लोखंडी कवच म्हणजे हाउसिंग, त्याच्या आत फिरणारे दोन शाफ्ट (आपले मिस्त्री ज्याला ‘साफ्टिंग’ म्हणतात), मधोमध इंजिनाचा फेरा चाकांकडे वळवणारी दातेरी चाकं, म्हणजे क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल, टोकाला बेअरिंग आणि आतलं ऑइल अडवणारं सील. यातलं काय वाकलंय ते कळल्याशिवाय दुरुस्त करायचं की बदलायचं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पोट दुखतंय म्हटल्यावर कोणी थेट ऑपरेशनचा दर विचारत नाही.

मी द्वारकेला सुट्या भागांच्या काउंटरवर २२ वर्षं बसले. या काळात एक गोष्ट पक्की झाली. ॲक्सलमधला जो भाग फिरतो, तो वाकला किंवा तडकला तर बदलायचा, त्यावर चर्चा नको. जो भाग फिरत नाही, उभा राहून भार घेतो, तो आधी मोजायचा आणि मग ठरवायचं. तुमच्या बाबतीत सगळं याच दोन वाक्यांवर येऊन थांबतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

रविवारी सकाळी गाडी रिकामी करून सपाट फरशीवर लावा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागची बाजू जॅकने उचलून पाट्यांच्या जवळ ॲक्सलखाली दोन मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली घुसायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, पण घरातल्या पोरांनाही सांगा. आता डाव्या चाकाच्या रिमजवळ एक वीट उभी करा आणि विटेवर पेन्सिल अशी ठेवा की तिचं टोक रिमच्या कडेला लागेल न लागेल. चाक हाताने हळूहळू फिरवा. रिम पेन्सिलीच्या जवळ येते, लांब जाते, पुन्हा जवळ येते, असं झालं तर फिरणारा भाग वाकलाय. तो रिमही असू शकतो. म्हणून स्टेपनी लावून परत बघा. स्टेपनी सरळ फिरली तर तुमचा आजार एका रिमपुरताच आहे, पेढे वाटा. स्टेपनीही हेलकावे खात असेल तर शाफ्टच्या टोकाची चकती, म्हणजे फ्लँज, वाकलीय.

आणि चाक फिरताना पेन्सिलीपासूनचं अंतर जराही बदलत नसेल, पण चाक मुळातच तिरकं उभं असेल, तर वाकलेला भाग न फिरणारा आहे. म्हणजे हाउसिंग.

तिरकेपणा डोळ्यांनी ठरवू नका, टेपने मोजा. दोन्ही मागच्या टायरच्या मधोमध, पुढच्या बाजूला, ॲक्सलच्या उंचीला खडूने एकेक खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग दोन्ही चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागच्या बाजूला आणा आणि परत मोजा. खुणा त्याच असल्यामुळे रिम किंवा टायरचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो. पुढचं आणि मागचं अंतर सारखं आलं पाहिजे. एक-दोन मिलिमीटर टेप धरण्यात जातात. पण पाच-सहाचा फरक आला तर हाउसिंग पुढे-मागे वाकलंय असं समजा. मग चाक वरून आत झुकलंय की बाहेर, हे बघायला गवंड्याचा ओळंबा चालतो.

तुमच्या टायरची फक्त आतली कड झिजतेय आणि एकाच बाजूचं सील तीनदा गेलंय, यावरून माझा अंदाज हाउसिंगकडेच जातो. टोक वाकलं की बेअरिंगचं घर आणि शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला फट पडते. नवं सील टाकलं तरी महिन्याभरात तेच. बेअरिंगही तिरकं चालतं, म्हणून घूं-घूं.

पण थांबा. याहून स्वस्तातली दोन कारणं आहेत, आणि ती आधी तपासायची.

पहिलं म्हणजे हाउसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते आणि त्या टोपीतून बाहेर पडते. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल बसून ती बुजली की फुगलेल्या हवेला वाट उरते ती सीलमधून, आणि जाताना ती ऑइल घेऊन जाते. काउंटरवर मला असे गिऱ्हाईक भेटलेत ज्यांनी वर्षात पाच सीलं नेली आणि टोपी एकदाही काढून साफ केली नाही. तुमच्या फोटोत हाउसिंगवर बोटभर चिखल वाळलाय, टोपी दिसतसुद्धा नाही. डिझेलमध्ये ब्रश बुडवून ती आधी मोकळी करा.

दुसरं, पाट्यांचा सेंटर बोल्ट. तो तुटला किंवा पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले असले तर सगळा ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. सरळ स्टिअरिंग ठेवून डावीकडे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, मग उजवीकडे. फरक ठळक असेल तर हाउसिंगला हात लावण्याआधी तो बोल्ट बघा. किरकोळ किमतीचा असतो.

एवढं करूनही हाउसिंगच वाकलेलं निघालं, तर सरळ करायचं का? तुमच्या द्वारकेच्या मिस्त्रीला मी चुकीचं ठरवत नाही. ट्रकच्या दणकट हाउसिंगचा थोडा बाक प्रेसवर थंडच दाबून काढणारे कसबी लोक नाशकात आहेत, आणि ते काम टिकतं. पण त्यात तीन गोष्टी लागतात. काम थंड असताना व्हायला हवं, दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या घरांतून सरळ सळई आरपार घालून रेषा तपासायला हवी, आणि मुळात कुठे चीर नको. तुमचा मिस्त्री गॅस लावणार म्हणतोय. पिकअपचं हाउसिंग बहुतेक वेळा दोन दाबलेले पत्रे जोडून केलेलं असतं. त्याला लालबुंद तापवलं की त्या जागची ताकद बदलते, शेजारच्या बेअरिंगच्या घराचा गोलपणा जातो आणि पाट्याच्या बैठकीची वेल्डिंगही ओढली जाते. मग ते सरळ दिसतं, पण पुढच्या खड्ड्याला तिथेच वाकतं. या वेळी सहज.

शिवाय तुमच्या तिसऱ्या फोटोत मला एक गोष्ट खटकलीय. डाव्या पाट्याच्या बैठकीच्या आतल्या बाजूला, वेल्डिंगच्या कडेने, केसाएवढी एक ओलसर काळी रेघ आहे. बाकी हाउसिंगवर कोरडी धूळ, आणि फक्त तेवढ्या रेघेवर धूळ चिकटून तेलकट झालीय. मोबाईलचा फोटो आहे, म्हणून छातीठोक सांगत नाही, पण हाउसिंगला चीर पडली की ती अशीच घामेजते. खात्री घरीच करता येते. ती जागा तारेच्या ब्रशने घासा, पेट्रोलने पुसून कोरडी करा (गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल नको, गाडी थंड असताना). त्यावर शाळेतल्या खडूची पूड पातळशी फासा. मग रिकामी गाडी गावातल्या गावात आठ-दहा किलोमीटर हळू फिरवा आणि बघा. चीर असेल तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. वर्कशॉपमध्ये यासाठी लाल रंग आणि पांढरा फवारा वापरतात, त्याला डाय पेनिट्रंट म्हणतात. तत्त्व तेच.

रेघ उमटली तर हाउसिंगचं आयुष्य संपलं. वरून वेल्डिंग भरणारे भरपूर भेटतील. चिरेचं टोक पत्र्यात कुठवर गेलंय ते वरून दिसत नाही, आणि वेल्डिंगच्या कडेला पत्रा ठिसूळ होऊन तिथून नवी चीर निघते. ही जागा पाट्याखालची आहे, सगळा माल तिच्यावरच बसतो.

आता शाफ्टकडे येते, कारण खरा धोका तिथे आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

मागचे ॲक्सल ढोबळमानाने दोन प्रकारचे. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मधोमध नटांचं कडं असलेली एक चकती बाहेर दिसते ना, तो फुल फ्लोटिंग. तिथे गाडीचा भार हाउसिंगच्या टोकावरची दोन बेअरिंगं घेतात आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, गाडी फक्त ओढत नाही. तुमच्या फोटोत तसं कडं नाही, चाकाचे नट थेट शाफ्टच्या चकतीवर बसलेत. म्हणजे तुमचा सेमी फ्लोटिंग. यात शाफ्ट चाक फिरवतोही आणि भारही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक ड्रमसकट निघून जातं. आता कसारा घाट डोळ्यांसमोर आणा.

म्हणून हाउसिंग वाकल्याचं ठरलं तरी डावा शाफ्ट बाहेर काढून तपासलाच पाहिजे. आत चार गोष्टी बघायच्या. फ्लँज वाकलीय का. बेअरिंग बसतं ती जागा झिजून निळसर पडलीय का, कारण निळा रंग म्हणजे ती जागा प्रचंड तापली होती. आतल्या टोकाचे दाते सरळ आहेत की पिळासारखे तिरके झालेत. पिळलेले दिसले तर पोलाद आपल्या मर्यादेपलीकडे गेलंय. आणि बेअरिंगच्या कडेला, जिथे शाफ्टची जाडी बदलते, तिथे बारीक चीर. ती डोळ्याला दिसत नाही. अंबड-सातपूरला चुंबकाने चीर शोधणाऱ्या तपासणीची सोय असलेली वर्कशॉप आहेत, तिथे शाफ्ट दाखवून आणा.

माझ्या काउंटरवर एक तुटका शाफ्ट बरीच वर्षं पेपरवेट म्हणून होता. पुण्याकडे कांदा नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा. त्याचं तुटलेलं तोंड मी कित्येकांना दाखवलंय. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर आडव्या कापलेल्या कांद्यासारखी बारीक वलयं. उरलेला भाग खडबडीत, खडीसाखरेसारखा चमकणारा. चीर एका कडेला सुरू झाली, रोज थोडी थोडी आत सरकली, ती वलयं म्हणजे तिचे मुक्काम. चमकणारा तुकडा एवढाच शेवटच्या दिवशी तुटला. ते गिऱ्हाईक शपथेवर सांगत होतं की काल रात्रीपर्यंत गाडी एकदम ठीक होती. खरंच बोलत होतं ते. शाफ्ट काही महिने आतून तुटत होता, बाहेर आवाज नव्हता एवढंच.

शाफ्टवर वेल्डिंग करणारा कोणी भेटला तर त्याच्याकडचा चहासुद्धा घेऊ नका. शाफ्टचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून वरून कडक आणि आतून चिवट ठेवलेलं असतं. वेल्डिंगच्या ठिणगीने ते गणित त्या जागेपुरतं कायमचं बिघडतं. जुनं बेअरिंग काढताना गॅस कटर शाफ्टच्या अगदी जवळ नेणं हेही तसलंच. बेअरिंगमागची कडी छिन्नीने तोडून किंवा प्रेसवर काढायची, आणि ती कडी परत वापरायची नाही.

आडगाव नाक्याच्या २४,००० च्या ॲक्सलबद्दल. जुने भाग घेऊच नयेत असं मी म्हणणार नाही, आमचं निम्मं नाशिक जुन्या भागांवर चालत आलंय. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारावर महापालिकेचा बुलडोझर फिरला, तरी माल कुठे ना कुठे मिळतोच. पण हा ॲक्सल अपघाती गाडीचा आहे, हे ते स्वतःच सांगतायत. मग तो वाकलेला नाही कशावरून? खडूची आणि टेपची परीक्षा तिथेही करायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्राउन-पिनियनच्या दात्यांचं प्रमाण. एकाच पिकअपच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत ते वेगळं असू शकतं. प्रमाण वेगळं निघालं तर घाटात गाडी ओढणार नाही, किंवा ओढेल पण डिझेल पिईल आणि स्पीडोमीटर खोटं बोलेल. मोजायला सोपं आहे. सुट्या ॲक्सलची दोन्ही टोकं एकत्र बरोबर दहा फेरे फिरवा आणि पिनियन किती फेरे घेतो ते मोजा. ४१ आले तर प्रमाण ४.१. मग तेच तुमच्या गाडीवर, गिअरबॉक्सकडून पिनियनला येणाऱ्या लांब दांड्यावर, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टवर, खडूची खूण करून. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. याशिवाय पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, चाकाचे स्टड किती आणि किती अंतरावर, ब्रेक शूची रुंदी, शॉकॲब्सॉर्बर अडकवायचे कान, आणि गाडीला एबीएस असेल तर सेन्सरची जागा. आणि पक्कं बिल, ज्यावर तो ॲक्सल कोणत्या नंबरच्या गाडीतून काढला ते लिहिलेलं. बिल देत नसतील तर ॲक्सल चोरीचा असण्याची शक्यता तुम्ही विकत घेताय.

एवढं सगळं जुळवून २४,००० देण्यापेक्षा तुमच्याच अंदाजपत्रकात एक चौथा रस्ता लपलाय, तो बघा. त्या ५२,००० मध्ये हाउसिंगचे २१,०००, दोन शाफ्टचे १३,०००, बेअरिंग-सीलचे ६,०००, मजुरीचे ९,००० आणि ऑइल, ब्रेक लायनर वगैरेचे ३,००० आहेत. क्राउन-पिनियन त्यात नाही, म्हणजे तुमचाच परत बसणार, आणि ते योग्यच आहे. त्याला काही झालेलं नसताना मोडायचा नाही. उजव्या बाजूला मात्र तक्रारच नाही. उजवा शाफ्ट तपासून चांगला निघाला तर तो ठेवा, ६,५०० वाचले. राहिले ४५,५००. हाउसिंग कंपनीचंच घ्या, तिथे काटकसर नको. बेअरिंग आणि सील मात्र नामांकित बेअरिंग कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली तर गाडीच्या कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात, कारण मूळ बनवणारे तेच असतात आणि डबा तेवढा बदलतो. बेअरिंगवर कोरलेला नंबर जुन्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा, शेवटची दोन-तीन अक्षरंसुद्धा, आतली ढिलाई किती ते त्यांतच असतं. चांगल्या मिस्त्रीकडून बसवून घेतलंत तर मजुरीतही फरक पडेल. दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सीलं एकदमच बदला. ऑइलने भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. ते वरून सुकतात, पण घाटात तापले की आतलं ऑइल परत वर येतं.

नकली मालाबद्दल मीच एकदा फसलेय, म्हणून सांगते. एका सवलतीच्या लॉटमधून मी चांगल्या नावाची ४० बेअरिंगं घेतली होती. डबा छान, होलोग्रामही होता. तीन आठवड्यांत दोन परत आली. मग मी भिंग लावून बघितलं तर डब्यावरच्या बारीक अक्षरांत कंपनीच्या देशाच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि बेअरिंगवरचा नंबर कोरलेला नसून शाईने छापलेला, नखाने खरवडला की जात होता. उरलेली ३८ मी हातोडीने फोडून भंगारात घातली. घरी बरंच ऐकून घ्यावं लागलं. आता बऱ्याच कंपन्यांच्या डब्यावर कोड असतो, मोबाईलवर तपासता येतो. ती दोन मिनिटं काढा. आणि हाउसिंग, शाफ्ट घेताना तुमच्या गाडीचा चेसिस नंबर सांगूनच घ्या. ‘अमुक पिकअपचा डावा शाफ्ट द्या’ एवढ्यावर चुकीचा येतो. बऱ्याच गाड्यांत डावा-उजवा लांबीला वेगळा असतो, आणि मॉडेल मध्येच बदललेलं असतं. काउंटरवर जुना शाफ्ट नव्याशेजारी उभा करून लांबी आणि दाते मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

सातपूरला गाड्यांचा एवढा मोठा कारखाना असल्याने नाशकात भाग स्वस्त असतील, हा समज मात्र सोडा. भागांची किंमत सगळीकडे तीच असते, फार तर लवकर मिळतात.

विम्याचं थोडक्यात. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर विषय संपला. सर्वसमावेशक असेल तर खड्ड्यात आदळून झालेलं नुकसान अपघात म्हणून मागता येतं, पण झीज किंवा यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत. तुम्ही दीड महिना थांबलात आणि मध्ये तीन सीलं बदललीत, त्यामुळे सर्व्हेअर प्रश्न विचारणार. तरी कळवून बघा, फक्त गाडी खोलण्याआधी. एक लक्षात ठेवा, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, रबराच्या भागांवर ५० टक्के. आणि ११० क्रेटचा उल्लेख निघाला तर दावा अवघड होईल. खोटं लिहा असं मी सांगणार नाही.

आता त्या ११० क्रेटचंच बोलू, कारण तुमचा शेवटचा प्रश्न त्यातच आहे. एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो, म्हणजे २,२०० किलो. क्रेटचं वजन दीड किलो धरलं तरी आणखी १६५. म्हणजे १,७०० च्या गाडीत २,३६५ किलो, साडेसहाशे किलोहून जास्त जादा. तुम्हाला वाटलं दोन पाटे वाढवले म्हणजे ताकद वाढली. पाटे वाढवल्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच दिसतं. हाउसिंग तेच, शाफ्ट तोच, बेअरिंग तेच. उलट कडक झालेले पाटे खड्ड्यात दबत नाहीत, मग जो धक्का त्यांनी गिळायचा तो सरळ हाउसिंगवर जातो. मूळ पाट्यांवर १,७०० किलो घेऊन तुम्ही त्याच खड्ड्यात गेला असतात तर कदाचित हे पत्रच लिहावं लागलं नसतं. दंडाचंही सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवून ठेवायचा. टोमॅटो रस्त्याच्या कडेला उतरवून काय करणार? १,७०० किलोत जेमतेम ७८-७९ क्रेट बसतात. म्हणजे वाशीच्या प्रत्येक खेपेला तीसेक क्रेटचं भाडं कमी. ते मला कळतं. पण ते भाडं तुम्ही कमावत नव्हता, हाउसिंगकडून उसनं घेत होता.

काकांना असं सांगा. ७,००० च्या गॅसने दोन सीझन निघणार नाहीत, आणि विकायला काढलीत तर घेणारा टायरची आतली कड बघूनच भाव पाडेल. हेही सांगा की गाडीवर वाशीला जाणारा काकांचाच मुलगा आहे. तुम्ही पत्राच्या मागे लिहिलंय ते मी वाचलं.

क्रम असा ठेवा. रविवारी ब्रीदर, सेंटर बोल्ट, पेन्सिल, टेप, खडू. चीर नसेल आणि बाक थोडा असेल, तर थंड प्रेसवाल्याकडे न्यायला माझी हरकत नाही. मात्र सळई आरपार घालून दाखवण्याची अट आधीच घाला आणि डावा शाफ्ट, बेअरिंग, सील नवीन टाका. चीर दिसली, आणि मला वाटतं ती दिसेल, तर नवं हाउसिंग. तोवर गाडी रिकामीसुद्धा घाटात न्यायची नाही. पिंपळगावच्या खेपा शेजाऱ्याच्या गाडीने करा.

काम झाल्यावर यू-बोल्ट नवीन टाका, जुने ताणलेले असतात. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ते परत आवळायचे, पाटे बसतात आणि बोल्ट ढिले होतात. गिअर ऑइल भरताना ग्रेड गाडीच्या पुस्तकातून बघा आणि तोंडापर्यंतच भरा, जास्त झालं तर परत सीलवर येईल. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाच्या मधोमध हाताचा मागचा भाग टेकवून दोन्ही बाजू सारख्याच गरम आहेत ना ते बघा.

आणि ते जादाचे दोन पाटे काढून टाका. भंगारात देऊ नका, पोलाद चांगलं असतं. गावच्या लोहाराकडून त्याचे कोयते करून घ्या, द्राक्षबागेच्या बांधावरच्या काटेरी झुडपांना ते बरे पडतात.